गरगर फिरणारी नळी आणि पेशीच्या पोटातील संसार

रक्ततपासणीसाठी आपण प्रयोगशाळेत जातो. दंडाला सुई टोचली जाते, नळीत रक्त भरले जाते, नळीवर नावाची चिठ्ठी लागते आणि आपण बाकावर येऊन बसतो. आतल्या खोलीत त्या रक्ताचे पुढे काय होते, हे आपण सहसा विचारत नाही. विचारायला संकोच वाटतो. हा संकोच सोडावा आणि आतल्या खोलीतील एका यंत्राची ओळख घरातील सर्वांनी मिळून करून घ्यावी, यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ते यंत्र म्हणजे सेंट्रिफ्यूज. दिसायला झाकणाच्या पातेल्यासारखे. आत मधोमध एक दांडा आणि त्याभोवती नळ्या ठेवण्याच्या खोबणी. झाकण लावून बटण दाबले की दांडा गरगर फिरतो आणि घुंघुं असा आवाज येतो. शाळेच्या विज्ञानात या रीतीला अपकेंद्री पद्धत म्हणतात. साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड, यकृत अशा बहुतेक तपासण्यांना रक्तातील स्वच्छ पिवळसर द्रव लागतो आणि तो हे यंत्र वेगळा करून देते.

गाळ बसण्याची घाई

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवले, तर सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. वाळूचा कण आधी बसतो, मातीचा बारीक कण मागाहून. पृथ्वी सर्वांनाच खाली ओढते. पण मोठा आणि घट्ट कण पाण्याला रेटून लवकर खाली जातो, बारीक कण रेंगाळतो. फार बारीक कण असेल तर तो दिवसेंदिवस तरंगतच राहतो.

सेंट्रिफ्यूज या ओढीचे बळ वाढवते. पाण्याने भरलेली बादली हातात धरून जोराने गोल फिरवली, तर ती उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. ते बादलीच्या तळाशी दाबून राहते. नळीतही तसेच होते. नळीचा तळ बाहेरच्या बाजूला असतो आणि जड कण त्या तळाकडे धाव घेतात. केंद्रापासून १० सेंटिमीटरवर असलेली नळी मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरवली, तर तिच्यातील कणावर पृथ्वीच्या ओढीच्या सुमारे १,००० पट ओढ पडते. फेऱ्या दुप्पट केल्या तर ओढ चौपट होते. रात्रभराचे काम काही मिनिटांत उरकते ते यामुळे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रवीने ताक घुसळून लोणी काढणे हेही याच तत्त्वावर चालते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. घुसळल्याने स्निग्धाच्या थेंबांवरचे पातळ आवरण फाटते आणि थेंब एकमेकांना चिकटून लोण्याचा गोळा होतो. दुधाच्या डेअरीत मलई काढण्याचे फिरते यंत्र मात्र खरोखर अपकेंद्री पद्धतीचे असते. स्वीडनचे गुस्ताफ द लावाल यांनी ते १८७८ च्या सुमारास तयार केले. त्यात जड दूध बाहेरच्या बाजूला जाते आणि हलकी मलई मध्याशी जमते.

एक पिशवी, तीन रुग्ण

गोठू नये म्हणून औषध घातलेल्या रक्ताची नळी फिरवली की तिच्यात तीन थर दिसतात. वर पिवळसर द्रव म्हणजे प्लाझ्मा, तो निम्म्याहून थोडा अधिक. तळाशी तांबड्या पेशींचा लाल थर, निरोगी माणसात साधारण ४० ते ४५ टक्के. या दोहोंच्या मध्ये दुधावरच्या सायीसारखा पांढुरका पातळ थर असतो. तो एक टक्क्याच्या आसपासच भरतो. पण रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि जखमेतून वाहणारे रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट त्यातच असतात. तळाचा लाल थर किती उंच आहे, यावरून अंगात रक्त कमी आहे का, याचा अंदाज डॉक्टर घेऊ शकतात.

रक्तपेढीत हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. तेथील सेंट्रिफ्यूज कपडे धुण्याच्या यंत्राएवढा असतो आणि त्यात नळ्यांऐवजी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्ताच्या पिशव्या ठेवतात. एका पद्धतीत पिशवी आधी हलक्या वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात. प्लेटलेट लहान असल्याने वरच्या प्लाझ्मातच राहतात. तो प्लाझ्मा जोडलेल्या दुसऱ्या पिशवीत घेऊन अधिक वेगाने फिरवला की प्लेटलेटही तळाशी येतात. पिशव्या एकमेकींना नळीने आधीच जोडलेल्या असल्याने बाहेरची हवा आत शिरत नाही.

असे का करायचे? कारण प्रत्येक रुग्णाची गरज निराळी असते. बाळंतपणात किंवा पंडुरोगात अंगातले रक्त फार कमी झालेल्या भगिनीला प्रामुख्याने तांबड्या पेशी हव्या असतात. कर्करोगाच्या औषधांनी ज्याच्या प्लेटलेट घटल्या आणि रक्त वाहू लागले, त्याला प्लेटलेट हव्या असतात. रक्त गोठवणारे घटक कमी पडलेल्या रुग्णाला प्लाझ्मा हवा असतो. साठवणही निराळी. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि पिशवीतील द्रावणानुसार त्या ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट थंडीत ठेवून चालत नाही. त्या २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि साधारण पाच दिवसच टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवून वर्षभर ठेवता येतो. तिन्ही एकाच पिशवीत अडकून राहिले, तर कोणाचेच पुरते जतन होत नाही. एका दात्याचे रक्त तीन घरांना उपयोगी पडते ते या फिरण्यामुळे. रक्तदान करणाऱ्या आमच्या तरुणांना हे ठाऊक असावे.

एका खोलीच्या शाळेतून

रक्तातील पेशी वेगळ्या करणे ही पहिली पायरी झाली. पेशी फोडून तिच्या आतले अवयव वेगळे करणे हे पुढचे आणि अधिक अवघड काम. ते ज्यांनी करून दाखवले त्यांची कथा मुलांना जरूर सांगावी.

अल्बेर क्लॉड यांचा जन्म १८९९ साली बेल्जियममधील लाँग्लिये या खेड्यात झाला. गावच्या शाळेला एकच खोली होती, सगळे वर्ग तिच्यातच आणि शिक्षकही एकच. आई लहानपणीच कर्करोगाने गेली. पुढे आजारी नातलगाच्या सेवेत शिक्षण तुटले आणि मुलगा पोलादाच्या कारखान्यात कामाला लागला. पहिल्या महायुद्धात त्यांनी सेवा केली. माध्यमिक शाळेचा दाखला जवळ नाही, तर विद्यापीठाचे दार बंद, अशी तेव्हाची रीत होती. युद्धानंतर बेल्जियमने युद्धात सेवा केलेल्यांना दाखल्याशिवाय उच्च शिक्षणात प्रवेश देण्याची सवलत दिली. क्लॉड यांनी तिचा लाभ घेतला आणि १९२८ मध्ये ते लिएज विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडले.

पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. कोंबडीला होणाऱ्या एका गाठीच्या कर्करोगाचे कारण त्यांना शोधायचे होते. गाठ वाटून तिचा अर्क ते वेगाने फिरवत आणि तळाशी बसलेला अंश तपासत. त्या अंशात बारीक कण सापडले. रोगाचे मूळ हेच, असे वाटावे अशी स्थिती होती. पण क्लॉड यांनी कोंबडीच्या निरोगी गर्भाच्या पेशींवरही तोच प्रयोग केला. तेथेही तसेच कण निघाले! म्हणजे त्यांतील बहुतेक कण रोगाचे नव्हते, प्रत्येक पेशीच्या नेहमीच्या संसाराचाच ते भाग होते. रोगी आणि निरोगी दोन्ही तपासून पाहण्याच्या या सचोटीने पेशीच्या आत शिरण्याची वाट उघडली.

पेशी फोडायची, पण जपून

ही रीत आजही प्रयोगशाळेत जवळजवळ तशीच चालते. उंदराच्या यकृताचा तुकडा साखरेच्या थंड द्रावणात घेतात. साधे पाणी का नको? कारण पेशीतील अवयव साध्या पाण्यात फुगून फुटतात. साखरेचे द्रावण साधारण साडेआठ टक्क्यांचे ठेवले, तर ते शाबूत राहतात. जॉर्ज होगबूम, वॉल्टर श्नायडर आणि जॉर्ज पलाडे यांनी १९४८ मध्ये साखरेच्याच, पण अधिक दाट द्रावणात मायटोकॉन्ड्रिया धडधाकट वेगळे करून दाखवले. सगळे काम बर्फात चालते, नाहीतर पेशीतलीच पाचक द्रव्ये मोकळी होऊन बाकीचे खाऊन टाकतात. काचेच्या नळीत नेमका बसणारा दांडा वरखाली फिरवून पेशींचे बाहेरचे आवरण फाडतात. आतले अवयव मात्र चिरडू देत नाहीत.

मग हे मिश्रण पायरीपायरीने फिरवतात. पृथ्वीच्या ओढीच्या ६०० ते १,००० पट ओढीने दहा मिनिटे फिरवले की पेशींची केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी तळाशी बसतात. वरचा द्रव दुसऱ्या नळीत घेऊन १०,००० पटीच्या आसपास फिरवला की मायटोकॉन्ड्रिया बसतात. अन्नापासून ऊर्जा करणाऱ्या या पेशीच्या चुली. त्यानंतर उरलेला द्रव १,००,००० पट ओढीने तासभर फिरवला की आतल्या पडद्यांचे तुकडे आणि त्यांना चिकटलेले रायबोसोम येतात. हे प्रथिने तयार करणारे कारखाने. शेवटी वर उरतो तो पेशीचा रस. दर पायरीला तळाचा थर वेगळा ठेवायचा आणि त्याचे काम तपासायचे, असा हा क्रम.

शेवटच्या पायरीला साधे यंत्र पुरत नाही. त्यासाठी अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतो. तो स्वीडनच्या थिओडोर स्वेडबर्ग यांनी १९२० च्या दशकात तयार केला आणि त्यांना १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील फिरता भाग हवा काढलेल्या पोकळीत फिरतो. हवा ठेवली तर घर्षणाने तो तापतो.

पाच दिवस ठेवलेली नळी

बेल्जियमचेच ख्रिश्चन द दुव लुव्हाँ येथे यकृतावर इन्सुलिनचे काय परिणाम होतात ते पाहत होते. १९४९ च्या डिसेंबरात यकृतातील एका पाचक द्रव्याचे मोजमाप चमत्कारिक आले. अपेक्षेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे! तो नमुना ओतून न देता त्यांनी शीतपेटीत ठेवला. पाच दिवसांनी मोजले, तर द्रव्याचा जोर कितीतरी वाढलेला. ते द्रव्य एखाद्या पिशवीत बंद असावे आणि पिशवी जुनी होऊन फाटल्यावरच बाहेर येत असावे, असे अनुमान त्यांनी काढले. पुढे फिरवण्याच्या पायऱ्या अधिक बारीक करून त्या पिशव्या वेगळ्या केल्या आणि १९५५ मध्ये त्यांना लायसोसोम असे नाव दिले. पेशीतील मोडकळीला आलेला माल पचवण्याचे काम त्या करतात.

या शोधाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. काही बाळांच्या स्नायूंत आणि हृदयात साखरेचा साठा होत जातो आणि ती दगावतात. हा पाँप रोग. लायसोसोममधील एक पाचक द्रव्य त्यांच्यात नसते, हे द दुव यांचे सहकारी आँरी-झेरी एर्स यांनी १९६३ मध्ये दाखवले. तेच द्रव्य बाहेरून देण्याच्या औषधाला २००६ मध्ये मान्यता मिळाली. क्लॉड, द दुव आणि पलाडे या तिघांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा क्लॉड ७५ वर्षांचे होते.

उतरंडीची पद्धत

दोन गोष्टी आकाराने सारख्याच असतील तर पायऱ्यांची रीत अपुरी पडते. मग उतरंड रचावी लागते. आपल्या घरात मडक्यांची उतरंड असते, तळाला मोठे, वर लहान. तशी नळीत द्रावणांची उतरंड करतात. तळाला दाट, वर विरळ. फिरवल्यावर प्रत्येक कण खाली जात जात आपल्याइतकाच दाट थर भेटला की तेथेच थांबतो. कितीही फिरवा, तो पुढे जात नाही. थर मग एकेक करून काढून घेता येतात.

नॉर्वेचे आर्ने बॉयम यांनी १९६८ मध्ये रक्तासाठी अशीच सोपी रीत दिली. ज्याची घनता १.०७७ आहे अशा द्रावणावर रक्त हळुवार सोडायचे आणि फिरवायचे. तांबड्या पेशी द्रावण भेदून तळाशी जातात. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वरच अडतात. मूत्रपिंड रोपणापूर्वी दाता आणि रुग्ण यांचा मेळ बसतो का, हे पाहण्यासाठी याच पेशी लागतात.

आपल्या घरचा प्रश्न

आता जवळच्या विषयाकडे येऊ. विदर्भात सिकलसेल हा आजार आदिवासी समाजांप्रमाणे आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनमध्ये एक लहानसा वंशपरंपरागत बदल असतो. प्राणवायू कमी पडला की अशी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते आणि मुलाला असह्य कळा येतात.

या पेशी वारंवार वाकड्या होताना आपल्यातील पाणी गमावतात, आक्रसतात आणि निरोगी पेशींहून घट्ट होतात. घट्ट म्हणजे फिरवल्यावर अधिक खाली जाणाऱ्या! हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये याच गुणावर एक स्वस्त चाचणी मांडली. केसासारख्या बारीक नळीत द्रावणांची उतरंड, त्यात बोटाच्या टोकाचे थेंबभर रक्त, दहा मिनिटे फिरवणे आणि तळाशी लाल रेघ दिसली तर आजाराची शंका. मात्र या चाचणीला मर्यादा आहे. ज्याच्यात बदललेला जनुक एकच असतो, त्या वाहकाच्या पेशी निरोगी माणसाच्या पेशींइतक्याच घनतेच्या असतात. त्याला ही चाचणी ओळखत नाही.

आणि लग्न ठरवताना आपल्याला नेमके वाहकच ओळखायचे असतात. त्यासाठी विद्राव्यता चाचणी आणि खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. इलेक्ट्रोफोरेसिससाठीही रक्त आधी फिरवून, तांबड्या पेशी धुऊन घ्यावे लागते. वाहक असणे हा आजार नव्हे. वाहक माणूस एरवी निरोगी आयुष्य जगतो. पण पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक अशी शक्यता असते की बाळाला आजार होईल. हा आईचा दोष नाही आणि कोणाच्या कर्माचे फळही नाही. सुनेला बोल लावणाऱ्या घरांनी हे नीट समजून घ्यावे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. आपल्या मुलामुलींची तपासणी करून घेण्यात कमीपणा मानू नये.

उपचारही पुढे गेले आहेत. रुग्णाच्याच मूळपेशी फिरत्या यंत्रातून वेगळ्या करून, त्यांच्या जनुकात बदल घडवून पुन्हा अंगात सोडण्याच्या उपचाराला अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. त्याची तेथील जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे. ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्यांच्यापैकी कितीजणांना ती परवडेल? विज्ञान पुढे जाते. ते झोपडीपर्यंत पोहोचते का, हा प्रश्न आपणच विचारत राहिला पाहिजे.

गुंडीचे खेळणे

पोहोचवण्याचे प्रयत्न मात्र होत आहेत. गुंडीच्या दोन भोकांतून दोरा ओवून, दोन्ही हातांनी ताणून ती फिरवण्याचा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. मूळचे भारतीय शास्त्रज्ञ मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात याच खेळण्यावरून कागदाचा सेंट्रिफ्यूज केला आणि २०१७ मध्ये तो जगापुढे ठेवला. वजन दोन ग्रॅम, खर्च २० सेंट, वीज लागत नाही. दीड मिनिटात तो रक्तातून प्लाझ्मा वेगळा करतो. विजेविना चालणाऱ्या आरोग्य केंद्रासाठी ही मोठीच सोय.

आमच्या मुलामुलींनी खेळण्यातही असा प्रश्न शोधावा. बारावी विज्ञाननंतर प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम आहे. ते कामही रुग्णाच्या जिवाशी जोडलेले आहे. त्यात पहिला धडा असतो तो तोलाचा. यंत्रात एक नळी ठेवली की समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवलीच पाहिजे, मग तिच्यात नुसते पाणी का असेना. तोल चुकला तर यंत्र थरथरते, नळी फुटते, दांडा मोडतो. फिरणे पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडायचे नाही आणि हाताने अडवून ते थांबवायचे नाही.

शेवटी एक विनंती. घरात कोणाला रक्त द्यायचे ठरले, तर डॉक्टरांना शांतपणे विचारा : अख्खे रक्त देणार की नेमका घटक, आणि का? डेंग्यूत प्लेटलेट थोड्या घसरल्या म्हणून त्या चढवाच, असा हट्टही धरू नका. गरज केव्हा आहे हे डॉक्टरांना ठरवू द्या. आणि रक्तदानाला गेलात तर रक्तपेढीत आपल्या पिशवीचे पुढे काय होते, तेही विचारून या. घरी आल्यावर मुलांना सांगा.